थरावर चढणाऱ्या पोरांना काय सांगशील

बाळा,

तुझा मेसेज वाचला. यंदा दहीहंडीच्या पथकातली चौदा ते सतरा वयाची पोरं तुझ्या हाती दिलीयेत आणि तू पडण्याचा विषय काढलास की सगळी एका आवाजात बजरंगबलीचा जयजयकार करतात, मग पुढे बोलताच येत नाही, असं लिहिलंयस. ह्यांना घाबरवायचं कसं, हा तुझा प्रश्न.

घाबरवूच नकोस. ही पोरं घाबरतच वर चढतात रे, चौथ्या-पाचव्या थरावरच्या पोराच्या पोटऱ्या कशा थरथरतात ते तू खालून बघितलंयस, आणि भीती वाटत असूनही चढलो ह्याचाच त्यांना अभिमान असतो, त्यामुळे तू जितकं घाबरवशील तितकं चढणं त्यांना मोठं वाटणार. आणि मेलास तर काय, हे तर विचारूच नकोस. पंधरा वर्षांच्या पोराला मरण म्हणजे नाक्यावर लागलेला स्वतःचा मोठा बॅनर वाटतो.

त्यांना पडल्यानंतरचं जगणं सांग. तेच कोणी सांगत नाही. हंडीच्या रात्री न्यूजवर जखमी गोविंदांचा आकडा येतो, अमुक इतके केईएममध्ये, तमुक सायनला, राजावाडीला, दुसऱ्या दिवशी बातमी संपते, पण त्यातल्या एखाद्याच्या घरी ती पुढची कित्येक वर्षं चालूच राहते. मानेचं हाड जुळतं, पण त्याच्या आतून जाणारा मज्जारज्जू तुटला तर आजच्या घडीला तो जोडायचा इलाज नाही. मग लघवी आलेली कळत नाही, दर चार-सहा तासांनी नळी घालावी लागते. रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाजवळ जखमा होतात आणि त्या पार हाडापर्यंत जातात. हे सांगून झालं की त्यांना विचार, कूस कोण बदलणार? ग्रुपमधली पोरं पहिला महिना येतील, मग कॉलेज, नोकरी, आणि त्यांचाही दोष नाही. आईच बदलणार. पोळीभाजी केंद्रात जाणारी आई काम सोडून घरी बसणार, म्हणजे खर्च वाढला तेव्हाच पगार बंद. आपल्या चाळीत तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला, आणि त्या दारातून व्हीलचेअर आत जात नाही. हाजीअलीला पुनर्वसनाची सरकारी संस्था आहे, तिथे चांगलं शिकवतात, पण तिथवर जायचं तर आधी चार माणसं जिना उतरवायला पाहिजेत. हे सगळं सावकाश सांग, आवाज न चढवता. मरणाच्या गोष्टीला हसणारी पोरं नळीच्या गोष्टीला गप्प होतात.

गणितही त्यांच्याकडूनच करून घे. दहावीच्या सायन्सला मुक्त पतन आहेच. वीस फुटांवरून पडलं तर जमिनीला लागताना वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास येतो, आणि २०१२ ला ठाण्यात जय जवान पथकाने जो नऊ थरांचा विक्रम केला, ४३.७९ फूट, तेवढ्या उंचीवरून साठच्या जवळ. स्वतः काढलेलं उत्तर पोरं विसरत नाहीत.

आता देवाचं. इथे फार जपून बोल. देव वाचवेल असं कोणी म्हणालं तर त्याची श्रद्धा खोडून काढायला जाऊ नकोस, एक तर ते चूक आहे आणि दुसरं म्हणजे तो परत तुझं काही ऐकणार नाही. मी एवढंच म्हणतो की जे पडले तेही नारळ फोडून, पाया पडूनच चढले होते, त्यांची भक्ती काय कमी होती का? ह्याचं उत्तर कुठल्याही पोराला 'हो' असं देता येत नाही. आणि काल्याची आठवण करून दे. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपुराला काला होतो, वारीची सांगता होते, तिथे कुठे नऊ थर असतात? सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र करून वाटून खाणं हा मूळ काला. उंची, बक्षिसाची रक्कम, आयोजकाचा फोटो हे नंतर आलं, आणि त्यासाठी देवाला जबाबदार धरू नका असं स्पष्ट सांग. मला स्वतःला थर आवडतात, हंडी बंद करा म्हणणाऱ्यांतला मी नाही, तू जाणतोसच.

वयाच्या बाबतीत मात्र अजिबात ऐकून घेऊ नकोस. २०१४ ला हायकोर्टाने अठराच्या खालचे नको आणि वीस फुटांच्या वर नको म्हटलं, २०१६ ला सुप्रीम कोर्टानेही तेच ठेवलं, मग २०१७ ला उंचीची अट गेली पण चौदाच्या खालचं पोर नाही ही अट राहिली. आणि तरी २०२५ ला दहिसरला सरावातच अकरा वर्षांचं पोर पडून दगावलं. एक्का, म्हणजे सगळ्यात वरचा, हलका लागतो म्हणून लहान पोर घेतात, सगळ्यांना माहितीये. थर कमी लावा. एक थर कमी लागला म्हणून कुठलं पथक संपलेलं नाही.

आणि नुसतं बोलून सोडू नकोस, हाताने करायला लाव. आपल्याकडे पोरगा पडला की चौघं हातपाय धरून उचलतात, तोंडावर पाणी मारतात, बसवतात, रिक्षात कोंबतात, आणि जे पडताना वाचलं होतं ते उचलताना जातं. शिकव की मान दुखतेय म्हणाला किंवा हातापायाला मुंग्या आल्या म्हणाला तर हलवायचं नाही, एकाने डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायचं, पाणी पाजायचं नाही, १०८ लावायचा. सरावाच्या आधी रोज दहा मिनिटं हेच. डोकं धरून बसलेल्या पोराला दुखापत म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

'आज नको' म्हणायची मुभा दे. आदल्या दिवशी उपास, रात्री जागरण, सकाळपासून ट्रकमधून दादर, घाटकोपर, ठाणे, संध्याकाळपर्यंत खांदे सोललेले असतात, तेव्हा एखादा नको म्हणाला तर त्याला कारण विचारू नका, चिडवणं तर लांबच. त्याला मॅट धरायला, दोर सांभाळायला ठेव, तीही सेवाच आहे. आणि येताना बाईकवर ट्रिपल सीट, डोक्याला टी-शर्ट गुंडाळून, हे मोठी पोरंच करतात, प्यायलेलीही असतात, तेव्हा त्यांच्याशी आधी बोल, बारकी त्यांचंच बघून शिकतात.

शेजारच्या वस्तीत जो आपला माणूस अंथरुणावर आहे, त्याच्याकडे पोरांना नेऊ का असं विचारलंस. ने, पण आधी त्याला विचार, त्याच्या आईलाही विचार, आणि तो हो म्हणाला तरच. तीन-चार पोरं, मोबाईल बाहेर ठेवून, फोटो नाही. काय बोलायचं ते त्याला ठरवू दे, कदाचित तो क्रिकेटवरच बोलेल, चालेल.

रविवारी सरावाच्या आधी पालकांना बोलव, आयांना खास करून. विम्याचा फॉर्म त्यांच्यासमोर मोठ्याने वाच, मृत्यूला दहा लाख, पण दवाखान्याच्या खर्चाला एक लाखाचीच मर्यादा, हे त्यांना सहीच्या आधी कळलं पाहिजे, नंतर नाही. प्रत्येक पोराचा ब्लड ग्रुप आणि घरचा नंबर लिहून घे. मी सातला येतो, मानेचा पट्टा आणि स्ट्रेचर मंडळाच्या ऑफिसातून काढून ठेव, कुलपाची चावी तुझ्याकडेच आहे ना?

तुझा काका