क्रूझ, कोट आणि गुडघे

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. सप्टेंबरात पत्नीसोबत सात रात्रींची क्रूझ ठरवतोय. व्हेनिसहून निघून दुब्रोव्हनिक, कोटर, कॉर्फू. प्रत्येक बंदरात जेमतेम आठ तास. एजंट म्हणतो, सगळीकडे जहाजाचीच टूर घ्या, नाहीतर जहाज चुकेल. पत्नीचे गुडघे दुखतात. काय बघावं, काय सोडावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सर, टूर विकली की एजंटाला काय मिळतं ते त्यालाच विचारा. जहाजाच्या टूरचा मोठा फायदा एकच, तिची बस अडकली तर जहाज थांबतं. मी काही वर्षं अशाच जहाजाच्या रिसेप्शनवर नोकरी केली. धापा टाकत परतणारे बहुतेक जण टॅक्सी करून लांब गेलेले असायचे. गावाच्या कोटाच्या, म्हणजे तटबंदीच्या आत हिंडणारी माणसं वेळेत येऊन जेवायलाही बसलेली असत. आणि ही तिन्ही गावं कोटाच्या आतच बघायची आहेत.

आधी व्हिसा. दुब्रोव्हनिक ज्या क्रोएशियात आहे तो १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, पण कोटर ज्या माँटेनेग्रोत आहे तो त्या गटात नाही. म्हणजे कोटरला गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात. सिंगल एंट्री, म्हणजे एकदाच आत येण्याचा व्हिसा असेल तर पुढे कॉर्फूला पंचाईत, कारण ते ग्रीसमध्ये, म्हणजे पुन्हा शेंगेनमध्ये आहे. अर्जात मल्टिपल एंट्रीच मागा.

दुसरं, तिकिटावर ‘व्हेनिस’ असलं तरी जहाज नेमकं कुठल्या धक्क्यावरून सुटतं ते लेखी घ्या. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून जायला बंदी आहे. काही कंपन्या रावेन्नाहून निघतात, ते व्हेनिसपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. व्हेनिस बघायचं असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा.

दुब्रोव्हनिकला मोठी जहाजं ग्रुझ बंदरात लागतात, तिथून जुना कोट तीनेक किलोमीटर. सिटी बस आहे, टॅक्सी आहे. सकाळी पहिल्या गर्दीच्या आत तटावर चढा. तट १,९४० मीटर लांब, एकाच दिशेने चालायचं आणि सावली जवळजवळ नाही. वरून छपरं नीट बघा. भडक केशरी कौलं युगोस्लाव्ह सैन्याच्या १९९१-९२ च्या तोफमाऱ्यानंतर घातलेली, फिकट ती जुनी. वहिनींनी पायऱ्या चढू नयेत, खाली स्त्राडुन हा मुख्य रस्ता अगदी सपाट आहे. परत एकत्र आलात की पूर्वेच्या दरवाजाबाहेर लाझारेती बघा. परदेशी व्यापाऱ्यांना रोगराईच्या भीतीने अडकवून ठेवायच्या या इमारती. बाहेरून आलेल्यांना महिनाभर वेगळं ठेवण्याचा कायदा या गावाने १३७७ मध्येच केला होता. करोनात आपण जे भोगलं त्याचं मूळ तुम्हाला तिथे सापडेल. आणि या गावाचा रक्षक संत ब्लेझ. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला त्याच संताचं चर्च आहे, दुब्रोव्हनिकच्या खलाशांनी ते उभारलं असं सांगतात. मी वेंगुर्ल्याची, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कोटरच्या दिवशी झोप मोडा. जहाज पहाटे खाडीत शिरतं, दोन्हीकडे डोंगर, आणि वेरिगेच्या अरुंद जागी रुंदी साडेतीनशे मीटरसुद्धा नाही. माझ्या मते अख्ख्या सफरीतला हा सर्वांत मोलाचा तास आहे, आणि त्याला तिकीट नाही. पुढे पेरास्त गावासमोर दोन बेटं दिसतील. त्यातलं निळ्या घुमटाचं बेट माणसांनी केलेलं आहे. १४५२ मध्ये खलाशांना तिथल्या खडकावर मेरीचं चित्र सापडलं म्हणतात. मग दगड टाकून आणि जुनी गलबतं बुडवून बेट वाढवत नेलं. अजूनही दर २२ जुलैला होड्या दगड घेऊन जातात. वहिनींना होडीने तिथे न्या. कोटरच्या किल्ल्याच्या १,३५० पायऱ्या राहू द्या. तुम्हाला राहवलंच नाही तर मध्यावरच्या चर्चपर्यंत जा, तिथूनही खाडी सगळी दिसते.

कॉर्फूत गुडघ्यांना सुट्टी. लिस्टन या जुन्या इमारतींच्या रांगेच्या कमानींखाली बसा, समोरच्या मैदानावर १८२३ मध्ये इंग्रजांनी क्रिकेट आणलं. ग्रीसमध्ये बॅट-बॉल! १७१६ चा तुर्की वेढा परतवणारा जुना किल्ला पलीकडेच आहे. पण घड्याळ सांभाळा. ग्रीस इटलीपेक्षा एक तास पुढे आहे. फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवील, जहाज मात्र कधी कधी इटलीचीच वेळ ठेवतं. परत येण्याची वेळ नेहमी जहाजाच्या घड्याळाची, आणि ती सुटण्याच्या निदान अर्धा तास आधीची.

प्रश्न : आम्ही जैन. जहाजावर उपाशी राहायची वेळ येईल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही, पण बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा आणि पहिल्या रात्री डायनिंग हॉलच्या प्रमुखाला भेटून ‘कांदा, लसूण, बटाटा नाही’ असं स्पष्ट सांगा. तो दुसऱ्या दिवसाचा मेन्यू आदल्या रात्री दाखवतो. खाकरे न्या. पेढे, तूप नेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. विजेची किटलीही घरीच ठेवा, ती जहाजावर चढताना काढून घेतात.