तिसरा नोड जोडायच्या आधी

भाऊ, क्लस्टरला, म्हणजे एक पडला तर दुसऱ्याने काम उचलायच्या सर्व्हरांच्या गटाला, तिसरा सर्व्हर (नोड) जोडतोयस ते बरंच करतोयस, पण आधी फेन्सिंग तपास, म्हणजे बिघडलेल्या नोडला बाकीचे सक्तीने बंद किंवा रिबूट करतात ती सोय. यवतमाळकडच्या एका जिनिंगमध्ये मी दोन नोड लावले होते, एक ऑफिसात, एक काट्याच्या खोलीत, आणि फेन्सिंग बंद ठेवलं होतं. ऐन कापसाच्या हंगामात लाइन गेली. दोन्ही सर्व्हर यूपीएसवर, मधला स्विच मात्र थेट लाइनवर! एकमेकांना दिसेनासे होताच, दुसरा बंद पडला असं समजून दोघांनीही डेटाबेस चालू केला. एकाच नंबरच्या पावत्या दोन गाड्यांना गेल्या. शेतकऱ्याच्या चुकाऱ्याचा प्रश्न होता. त्या जुळवताना मी दोन रात्री झोपलो नाही.

म्हणून पेसमेकरमध्ये, म्हणजे क्लस्टर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नवा नोड आला की त्याला आधी स्टँडबायवरच ठेव, म्हणजे गटात असेल पण काम घेणार नाही. घड्याळ जुळतंय का, होस्ट्स फाइलीतली नावं सगळीकडे सारखी आहेत का, ते बघ. फेन्सिंगने तो खरंच रिबूट होतो हे डोळ्यांनी पाहा, मगच कामाला लाव.

काढतानाही आधी स्टँडबाय. 'पीसीएस स्टेटस' या कमांडमध्ये सगळ्या सर्व्हिसेस दुसरीकडे चालू दिसेपर्यंत थांब, मग 'पीसीएस क्लस्टर नोड रिमूव्ह'. प्रत्येक नोडचं एक मत असतं, आणि नुसता प्लग उपटलास तर त्याचं मत मोजणीत तसंच राहतं. क्लस्टर चालू राहायला निम्म्याहून जास्त मतं लागतात: 3 नोडांना 2, 4 नोडांना 3, म्हणजे चौथा जोडूनही एकच पडलेला चालतो. त्यापेक्षा तो पैसा स्विचच्या यूपीएसला घाल. आणि हो, काढलेल्या नोडची फेन्सिंगची नोंदही पुसून टाक.