घरच्या अंगणात गाडीचे इंजिन बदलायचे आहे. ते उचलण्याचे साधन जळगाव भागात कुठे मिळेल?

विहिरीतील पंप काढणाऱ्या कारागिरांकडे किंवा मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तीन पायांची लोखंडी घोडी आणि १ टनाची चेनपुली भाड्याने मिळते का, हे आधी विचारा. विहिरींवरच्या केळीबागायतीमुळे जळगाव-भुसावळकडे हे सामान नेहमी वापरात असते. लहान पेट्रोल गाडीचे इंजिन गिअरबॉक्ससह साधारण १५० किलोच्या आत भरते, त्यामुळे एवढी क्षमता पुरून उरते, शिवाय साखळी हाताने ओढायची असल्याने इंजिन बोटभर वर-खाली करून माउंटिंगची भोके अचूक जुळवता येतात. मात्र घोडीचे दोन पाय गाडीच्या रुंदीबाहेर पडले पाहिजेत, तरच इंजिन उचलल्यावर गाडी मागे ढकलता येईल. पत्र्याच्या शेडच्या पाइपाला चेनपुली कृपया कधीही अडकवू नका.