कॉलऱ्याची लस, पिवळं कार्ड आणि वारीतलं पाणी

प्रश्न : मुलाला कंपनीनं दोन वर्षांसाठी नायजेरियात लागोसला पाठवलंय, पाच आठवड्यांनी निघायचंय. एजंट म्हणतो कॉलऱ्याचं इंजेक्शन कम्पल्सरी आहे, सर्टिफिकेट नसेल तर एअरपोर्टवरून परत पाठवतील, आणि त्याचे वेगळे पैसे मागतोय. मुलगा म्हणतो आई, काही लागत नाही. मी आपली रात्ररात्र मोबाईलवर शोधत बसते. नक्की काय करायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी एजंटाला पैसे देऊ नका. तो बहुतेक दोन गोष्टींची खिचडी करतोय. त्याच्या डोक्यात जे सर्टिफिकेट आहे ते यलो फीवरचं, म्हणजे पीतज्वराचं, ते पिवळं कार्ड. ते मात्र खरंच लागतं, आणि जातानापेक्षा येताना जास्त, कारण नायजेरियातून भारतात उतरताना ते जवळ नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतात, मग दिवाळीची सुट्टी तिथेच संपली असं समजा. ही लस सरकारमान्य सेंटरवरच मिळते, अपॉइंटमेंट घ्यावी लागते आणि टोचल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, म्हणून मुलाला याच आठवड्यात पाठवा. एकदा घेतली की जन्मभर चालते. अंड्याची अॅलर्जी असेल तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगायचं.

कॉलऱ्याचं सर्टिफिकेट कुठलाच देश अधिकृतपणे मागत नाही. पूर्वी मागायचे, पण ती जुनी सुई जेमतेम निम्म्या लोकांना आणि तीही काही महिनेच वाचवायची, आणि सीमेवर कागद तपासून साथ काही थांबत नव्हती, म्हणून १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांतून ती अट काढून टाकली. एजंटाच्या डोक्यातून अजून निघायचीय, एवढंच.

आता सक्ती नाही म्हणजे गरजच नाही का, तर असंही नाही. लागोसमध्ये जून २०२४ ला कॉलऱ्याची साथ आली होती, आणि तिथल्या सरकारला संशय होता रस्त्यावर बाटल्यांतून विकल्या जाणाऱ्या टायगरनट नावाच्या छोट्या कंदाच्या सरबतावर, ज्यावर ना लेबल ना कंपनीचं नाव. हे बघा, ही आपली उसाच्या रसाचीच गोष्ट झाली की. ऑफिस, कंपनीचा फ्लॅट आणि मॉल एवढंच आयुष्य असेल तर मुलाला कॉलरा व्हायची शक्यता फारच कमी, लस नाही घेतली तरी चालेल. पण काम साइटवर असेल, वस्तीत राहायचं असेल, जवळ धड दवाखाना नसेल, तर घ्यावी.

आताची लस सुई नाही, तोंडानं प्यायची. आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सची शँकॉल २००९ मध्ये आली, कोलकात्यातल्या मोठ्या चाचणीत तिनं पाच वर्षांत साधारण ६५ टक्के संरक्षण दिलं, पण तिचं उत्पादन आता बंद झालंय. २०२४ मध्ये भारत बायोटेकनं हिलकॉल आणली. दोन डोस, मध्ये चौदा दिवस, आणि दुसरा डोस निघायच्या निदान आठवडाभर आधी संपलेला हवा, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे पण ढकलत बसण्याइतका नाही. प्रत्येक मेडिकलवाल्याकडे असेल असं समजू नका, फोन करून जा.

आणि ताई, खरं सांगू का, लागोसला मला कॉलऱ्यापेक्षा मलेरियाची काळजी जास्त वाटते. त्याच्या गोळ्या निघायच्या आधीपासून सुरू कराव्या लागतात, त्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि टायफॉइड, हिपॅटायटिस ए च्या लसींचंही त्याच भेटीत विचारा.

प्रश्न : आजी सांगायची की पंढरपूरला जायच्या आधी कॉलऱ्याची सुई घ्यावीच लागायची, दोन दिवस दंड वर उचलता यायचा नाही. आता कोणी विचारतसुद्धा नाही. आमच्या दिंडीत चाळीस बायका आहेत, निम्म्या साठीच्या पुढच्या. सगळ्यांना लस द्यावी का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आजीचं बरोबर आहे. त्या काळी पटकी, म्हणजे कॉलराच, म्हटलं की गावाच्या तोंडचं पाणी पळायचं, वेशीवर मरीआईचा गाडा निघायचा, आणि जत्रा संपून माणसं घरोघरी परतली की त्यांच्याबरोबर पटकीही गावोगाव पोचायची. पण ती सुई कशी होती ते वर लिहिलंच आहे.

आता वारीत तुम्हाला वाचवतं ते टँकरमधलं क्लोरीन. टँकर भरतो तिथे टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात आणि आरोग्यवाले ओटी टेस्ट करतात, छोट्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर ते पाणी प्यायचं नाही. तुम्ही सरळ पुढं होऊन विचारा, "दादा, ओटी केली का?" कुणी रागवत नाही, उलट बरं वाटतं त्यांना. जवळ मेडिक्लोरची, म्हणजे पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या थेंबांची बाटली ठेवा, लेबलवर लिहिलेत तेवढेच थेंब आणि मग अर्धा तास थांबायचं, तहान लागली म्हणून लगेच हंडा तोंडाला लावला तर उपयोग नाही. कापलेली फळं, बर्फाचा गोळा, उघड्यावरचं ताक, एवढ्यांना लांबूनच रामकृष्णहरी.

आणि ओआरएस. मी एका मुक्कामी बघितलं, एक मावशी लिटरचं मोठं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतून खडाखडा हलवत होत्या, वर म्हणतात घट्ट झालं की ताकद जास्त! तसं नाही हो मावशी, जास्त खारट झालं तर त्रासच होतो. पाकिटावर वाचायचं, मोठं असतं ते एक लिटरचं, छोटं २०० मिलीचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच.

हे साधं पाणी काय करतं ते १९७१ मध्ये दिसलं. बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ड्रममध्ये मीठ-साखरेचं पाणी भरून नळ लावले आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. आधी शंभरातले तीसेक जण दगावत होते, ते चारच्याही खाली आले.

तेव्हा सगळ्या दिंडीला लस नको. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे पांढरट आणि धो धो होत असतील, सोबत उलट्या, पायात गोळे येतायत, तर मात्र वाट बघायची नाही. ओआरएस पाजत पाजत आरोग्य पथकाकडे, कारण कॉलऱ्यात धडधाकट माणूसही काही तासांत कोरडा पडतो.

प्रश्न : प्रवासात पोट बिघडू नये म्हणून मी आधीच जुलाब थांबवायची गोळी घेतो. बरोबर आहे ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. झालंच नाही त्याचं औषध कशाला? आणि तुम्ही पत्रात लिहिलंय की रोज सकाळी अॅसिडिटीची गोळी चालू आहे, ते जास्त महत्त्वाचं. पोटातलं आम्ल हा कॉलऱ्याच्या जंतूंना पहिला अडथळा असतो आणि ती गोळी तोच कमी करते. ती खरंच लागते का, हे जायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनानं बंद करू नका. आणि हॉटेलात पाणी मागताना बाटलीचं सील स्वतः तोडा.