इंजिनाच्या हेडचे बोल्ट कडेने कसत यावेत की मधून, आणि एकाच दमात की टप्प्यांत?

हेडचे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचे, बोल्ट मधल्यापासून सुरू करून, आलटूनपालटून दोन्ही कडांकडे जात, टॉर्क पान्याने (ठरवलेला पीळ आला की ‘कट्’ वाजणाऱ्या पान्याने) किमान तीन टप्प्यांत कसावेत. कंपनीच्या पुस्तिकेतील अंतिम आकडा 60 न्यूटन-मीटर असेल, तर आधी 20, मग 40 आणि शेवटी 60. कडेने सुरुवात केल्यास हेड सपाट बसत नाही आणि गॅस्केटवर (हेडखालच्या सीलवर) दाब सारखा येत नाही. सोलापुरात इंजिने बांधताना मला मात्र क्रमापेक्षा आट्यांतली चूक जास्त आढळते: ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य धडाच्या) तळाशी बंद असलेल्या भोकात तेल किंवा कूलंट साचून राहिले, तर बोल्ट त्यावरच अडतो, पाना ‘कट्’ करून आकडा पुरा झाल्याचे सांगतो, पण हेड दाबले गेलेले नसते, आणि जोर वाढवल्यास ब्लॉकला तडाही जाऊ शकतो. म्हणून भोके हवेने फुंकून कोरडी करावीत. पुस्तिकेत मनाई नसेल, तर आट्यांना व बोल्टच्या डोक्याखाली तेलाचा नुसता हात लावावा. अपवाद एवढाच, की अनेक नव्या इंजिनांत शेवटचा टप्पा टॉर्कचा नसून बोल्ट 90 अंशांसारख्या कोनातून आणखी फिरवण्याचा असतो. असे बोल्ट ताणले जातात, त्यामुळे तिथे बहुधा नवेच घालावे लागतात, जुने कितीही चांगले दिसोत.