चाळ आठवली की इथले काही गोड लागत नाही

प्रश्न : गिरगावातील आमची चाळ पाडली गेली आणि आम्ही बोरिवलीला आलो. घर ऐसपैस आहे; तरी दुपारी एकटी असले की चाळ आठवते आणि मग इथले काहीच गोड लागत नाही. आईच्या आजारपणात शेजारच्या काकूंनी महिनाभर आमच्यासाठी तळमजल्यावरून पाणी भरून आणले होते. त्यांची एक वाटी अजून माझ्याकडेच आहे. मुलगी म्हणते, ''आहे त्यात समाधान मान.'' आठवणींत रमणे मनाला अपायकारक असते का?
– एक वाचक, वय ६४

उत्तर : ताई, एके काळी वैद्यांना तसेच वाटत असे. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथील आपल्या प्रबंधात 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला, तो एका आजाराचे नाव म्हणूनच. आता ते मत मागे पडले आहे. साउदॅम्प्टन विद्यापीठातील कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि टिम वाइल्डशट यांच्या अभ्यासांत असे दिसले की, एकटेपणा जाणवू लागला की माणूस जुन्या आठवणींकडे वळतो आणि आपण कोणाचे तरी आहोत ही भावना त्याला त्यांतून पुन्हा मिळते. तुमच्या दुपारी तेच घडत असावे.

मग नंतर कडवटपणा का येतो? नॉस्टॅल्जियासाठीचा आपला 'स्मरणरंजन' हा शब्द पाहा. रंजन म्हणजे रिझवणे, तसे रंगवणेही. सामायिक संडासापुढची रांग आणि नळावरची भांडणे त्या रंगाखाली झाकली जातात (मीही चाळीतच वाढले आहे), आणि त्या रंगवलेल्या चाळीशी आजच्या घराची तुलना झाली की घर हरणारच. 'कृतज्ञता' या शब्दाचा अर्थ मात्र केलेले जाणणे असा आहे. तिथे तुलना नसते, कोणी काय केले एवढेच असते. तुमच्या पत्रात चाळीचे वर्णन मोघम आहे, काकूंचे पाणी भरणे तेवढे स्पष्ट आहे. मुलीची माया खरी, पण समाधान सांगून येत नाही. केलेले आठवता मात्र येते.

झोप किंवा भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली असेल, तर डॉक्टरांना अवश्य भेटा. एरवी त्या काकू हयात असतील तर त्यांचा फोन नंबर मिळवा आणि चाळीच्या गप्पांआधी, तो महिना आपण विसरलेलो नाही, हे त्यांना सांगा. वाटी परत करताना ती रिकामी देऊ नये, हे चाळीत वाढलेल्या तुम्हांला मी काय सांगणार!