लेटेकमध्ये स्वतःच्या शॉर्टकट कमांड

अरे लेटेकमध्ये (कमांड लिहून गणिती मजकूर छापायची प्रणाली) वास्तव संख्यांच्या चिन्हासाठी दर वेळी मॅथबीबी आणि महिरपी कंसात आर असं टाईप करत बसलास तर थीसिस संपेपर्यंत बोटं झिजतील, त्यापेक्षा बिगिन डॉक्युमेंटच्या आधी न्यूकमांड (नवी कमांड बनवायची कमांड) वापरून बॅकस्लॅश कॅपिटल आर एकदाच ठरवून टाक (एएमएसफॉन्ट्स पॅकेज लागतं हं). आणि त्याच कामाच्या डेफ कमांडच्या नादाला लागू नकोस. ते आधीची कमांड गुपचूप पुसतं, न्यूकमांड निदान एरर देऊन ओरडतं तरी. मी डेफने बॅकस्लॅश व्ही म्हणजे बोल्ड वेक्टर केलं होतं, पण ती मुळात अक्षरावर उलटी टोपी (č सारखी) द्यायची कमांड, मग रेफरन्समध्ये एक झेक नाव आलं आणि तिथे एरर, दोन तास गेले शोधण्यात!

नाव अर्थावरून दे, दिसण्यावरून नको, म्हणजे व्हेक्ट चालेल, बोल्ड नको. कमांडला एक अक्षर द्यायचं असेल तर चौकटी कंसात 1, व्याख्येत त्या अक्षराच्या जागी हॅश 1, झालं. उद्या गाइड म्हणाले बोल्ड नको बाण हवा, तर एकच ओळ बदलायची. नावात आकडे चालत नाहीत. रँक, ट्रेस वगैरे फंक्शनच्या नावांसाठी मात्र एएमएसमॅथ पॅकेजचं डिक्लेअरमॅथऑपरेटर घे, नाहीतर अक्षरं तिरकी येतात आणि स्पेसिंगही बिघडतं.